५० मायक्रोग्रॅमचं पथ्य

‘आमच्या प्रयोगशाळांतल्या बहुतेक पेशी स्कर्व्हीतच जगतात,’ पुण्यातली एक संशोधक मैत्रीण बोलता बोलता म्हणाली, आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. पेशी वाढवण्याच्या द्रवात साखर, अमिनो आम्लं, क्षार असं सगळं असतं; पण जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएमईएम या द्रवात क जीवनसत्त्व घातलेलंच नसतं. हे डोळ्यांनी पाहायला मी तिच्या टिश्यू कल्चरच्या खोलीत गेले.

खोलीभर स्पिरिटचा वास होता. तिथं काम करणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सगळे विद्यार्थी ताई म्हणतात. त्यांनी एक छोटी बाटली दाखवली. आत पांढरी भुकटी होती: अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल-२-फॉस्फेटचा मॅग्नेशियम क्षार. ‘मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम,’ त्या म्हणाल्या. भुकटी वजन करून पाण्यात विरघळवायची, बारीक गाळणीतून निर्जंतुक करायची आणि थोडी थोडी गोठवून ठेवायची, एवढीच पूर्वतयारी.

साधं क जीवनसत्त्व का नाही घालत? कारण ते टिकत नाही. ३७ अंशांच्या उबेत, हवा आणि लोह-तांब्याच्या अंशांपुढे ते एका दिवसात जवळजवळ संपतं. शिवाय विघटन होताना द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. त्यामुळे पेशी मेल्या, तर त्या जीवनसत्त्वाने मेल्या की पेरॉक्साइडने, हे ठरवणं अवघड होतं. ‘क जीवनसत्त्वाने कर्करोगाच्या पेशी मारल्या’ अशा बातम्या वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट वापरलं तर आम्लता टळते, नासणं टळत नाही. ताईंच्या बाटलीतल्या क्षारात मात्र दुसऱ्या कार्बनवरची नाजूक जागा फॉस्फेटने अडवलेली असते. पेशींचीच फॉस्फेटेज विकरं तो फॉस्फेट हळूहळू काढतात आणि हवं तेव्हा ताजं जीवनसत्त्व मिळवतात.

१९८९ मध्ये हाता आणि सेनो या जपानी संशोधकांनी माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशींना हेच संयुग दिलं. पेशी वाढल्या, कोलॅजन साठलं आणि ऊतीसारखा थर तयार झाला. कोलॅजनच्या तीन धाग्यांचा पीळ शरीराच्या उष्णतेत टिकायचा, तर त्यातल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट बसावा लागतो. ते काम करणाऱ्या विकरातलं लोह क जीवनसत्त्व कामाच्या अवस्थेत ठेवतं. हे जीवनसत्त्व नसलं की पीळ सुटतो. स्कर्व्हीत जुन्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या, त्यामागे हेच कारण होतं.

ताईंनी दोन बशा उघडल्या. दोन्हींत त्वचेच्या त्याच पेशी, तेवढेच आठवडे वाढवलेल्या. एकीला क्षार मिळालेला, दुसरीला नाही. दुसरीतल्या पेशी चिमट्याने खरवडताच तुकडे तुकडे होऊन तरंगू लागल्या. पहिलीची कड त्यांनी हलकेच उचलली, आणि दुधावरची साय निघावी तसा अख्खा थर वर आला. तो फाटला नाही. मी त्यांना पुन्हा विचारलं, फरक फक्त त्या भुकटीचाच? ‘५० मायक्रोग्रॅम,’ त्या म्हणाल्या. ‘पण द्रव बदलताना एकही फेरी चुकवायची नाही. दिवाळीतसुद्धा कुणीतरी येतंच.’

अशाच थरांची कर्तबगारी क्युबेकमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवली. क जीवनसत्त्व देऊन वाढवलेले मानवी पेशींचे थर त्यांनी नळीवर गुंडाळले आणि कृत्रिम आधाराविना रक्तवाहिनी घडवली. तिने पाऱ्याच्या २००० मिलिमीटरहून अधिक दाब सोसला. आपला रक्तदाब साधारण १२०.

ताईंची ती सावध मात्रा मला मोठमोठ्या डोसांच्या जाहिरातींपेक्षा कितीतरी विश्वासार्ह वाटते. म्हणूनच एक आग्रह धरावासा वाटतो. पेशींवर औषध तपासणाऱ्या प्रत्येक प्रयोगात त्यांना क जीवनसत्त्व मिळालं होतं का, कोणत्या रूपात, किती, हे नोंदवलंच पाहिजे. कुपोषित पेशीने दिलेलं उत्तर निरोगी माणसाचं म्हणून खपवणं हा विज्ञानावरही अन्याय आहे आणि त्या उत्तराच्या भरवशावर औषध घेणाऱ्या रुग्णावरही.