असगरीचे घर आणि असगरीची शाळा

एखाद्या कुटुंबकथेचा पुढील भाग वाचकाला फिका वाटला, की त्याची कारणमीमांसा बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. लेखकाची प्रतिभा ओसरली असे तरी म्हटले जाते, किंवा त्याच्यातील उपदेशकाने कथाकारावर मात केली असे तरी. डेप्युटी नझीर अहमद यांच्या ‘बनात-उन्-नअश’ या उर्दू कादंबरीच्या वाट्याला यांपैकी दुसरे कारण आले आणि ते इतके सर्वमान्य झाले, की त्याची छाननी करण्याची निकड फारशी कोणास भासली नाही. ‘मिरात-उल्-उरूस’ या त्यांच्या पहिल्या कादंबरीने दिल्लीतील घराघरांत, विशेषतः जनानखान्यात, स्थान मिळविले. तिच्याच नायिकेला घेऊन लिहिलेली दुसरी कादंबरी मात्र पाठ्यपुस्तक म्हणून ओळखली गेली. हे मत खोटे नाही. परंतु बोधाच्या अतिरेकाने ते सिद्ध होत नाही. कारण बोध पहिल्या कादंबरीतही भरपूर आहे आणि तिसरीत तर तो अधिक कठोर आहे. दुसऱ्या कादंबरीत जे हरवले, ते निराळेच होते.

नझीर अहमद मूळचे बिजनौर जिल्ह्यातले. शिक्षणासाठी ते लहानपणी दिल्लीस आले आणि औरंगाबादी मशिदीत राहून शिकू लागले. त्या काळच्या गरीब विद्यार्थ्यांप्रमाणे घरोघर जाऊन अन्न गोळा करणे आणि गुरूच्या घरी पडेल ते काम करणे हा त्यांच्या अध्ययनाचाच भाग होता. त्यांचे शिष्य फरहतुल्ला बेग यांनी लिहिलेल्या प्रसिद्ध व्यक्तिचित्रात एक हकीकत आहे: गुरूगृही मसाला वाटताना हात थांबला, की घरातील एक छोटी मुलगी त्यांच्या बोटांवर वरवंटा हाणी. पुढे तीच त्यांची पत्नी झाली. हकीकत गमतीची खरी, पण कादंबरीच्या अभ्यासकाला तिचे मोल गमतीपुरतेच नाही. दिल्लीचे घर या लेखकाने दिवाणखान्यातून पाहिलेले नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाहिलेले आहे. पुढे ते दिल्ली कॉलेजात शिकले, भारतीय दंडसंहितेच्या उर्दू भाषांतरात सहभागी झाले, डेप्युटी कलेक्टर झाले. तरी कोणत्या घरात पीठ किती येते आणि कोणाच्या हातून जाते, हे ज्ञान त्यांच्यापाशी त्या आधीचे होते.

‘मिरात-उल्-उरूस’ म्हणजे ‘नववधूचा आरसा’. तिचा आरंभ छापखान्यासाठी झाला नाही. मुलींना वाचावयास योग्य असे काही सापडेना, म्हणून नझीर अहमद यांनी आपल्या मुलीसाठी ती लिहावयास घेतली. १८६८ मध्ये वायव्य प्रांताच्या सरकारने देशी भाषांतील उपयुक्त ग्रंथांसाठी बक्षिसे जाहीर केली. पुढे हे पुस्तक शिक्षणखात्याचे संचालक केम्पसन यांच्या नजरेस आले आणि त्याला एक हजार रुपयांचे पारितोषिक मिळाले. १८६९ हे या कादंबरीचे साल मानले जाते. मराठी वाचकाला येथे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’चे (१८५७) स्मरण होईल. दोन्ही पुस्तकांचा हेतू स्त्रीजीवनाची सुधारणा हाच. परंतु यमुना हिंडते आणि इतरांची दुःखे पाहते, तर नझीर अहमद यांची माणसे एका घरात कोंडलेली आहेत आणि एकमेकांना चुकवू शकत नाहीत. कुटुंबकथेचे बळ याच कोंडण्यात असते.

दूरअंदेशखान यांच्या दोन मुली, अकबरी आणि असगरी, एकाच घरात दोन भावांना दिलेल्या आहेत. थोरली लाडावलेली, हट्टी, धाकटी समंजस. एवढ्यावरून या दोघी म्हणजे दोन पुतळ्या असाव्यात असे वाटते, आणि अकबरीपुरता लेखकाचा हेतू तसाच असावा. पण झाले भलतेच. अकबरी सासरी भांडते, नवऱ्याला वेगळे बिऱ्हाड करावयास लावते, तेथे तिला धड स्वयंपाक जमत नाही आणि हज्जन म्हणून आलेल्या एका ठक बाईच्या गोड बोलण्याला भुलून ती आपले दागिने गमावून बसते. ही बाई घरात कशी शिरते, आधी स्वस्त आणि नवलाच्या वस्तू देऊन विश्वास कसा मिळविते आणि मग दागिने उजळून देण्याच्या मिषाने कशी पसार होते, हे सारे इतक्या बारकाईने आले आहे, की वाचक बोध घ्यावयाचे विसरून अकबरीसाठी हळहळतो. तिला हसणाऱ्या वाचकालाही ती परकी वाटत नाही.

असगरीचे माहात्म्य त्याहून अवघड गोष्टीत आहे. तिच्या सासरी मामा अझमत नावाची जुनी मोलकरीण आहे. (उर्दूत ‘मामा’ म्हणजे घरकाम करणारी बाई, मराठी वाचकाने येथे क्षणभर थबकावे लागते.) घरातील सर्व खरेदी तिच्या हातून होते, दुकानदारांची उधारी तिच्या तोंडी चालते आणि प्रत्येक जिन्नसात तिचा हात मारलेला असतो. नवी सून हे ओळखते. पण ओळखणे वेगळे आणि बोलणे वेगळे. सासूचा विश्वास मोलकरणीवर, सून कालची आलेली. उद्या उलटे बालंट तिच्यावरच यावयाचे. असगरी वाट पाहते, हिशेब गोळा करते, वडील दिल्लीस येण्याची संधी साधते आणि वाणी-बनियांच्या वह्यांतूनच मामाचे कारस्थान उघडे पाडते. येथे वाचकाच्या मनातील प्रश्न ‘असगरी चांगली आहे काय?’ हा नसतो. ‘ती टिकेल काय?’ हा असतो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्ष्यात कोण घेतो?’मध्ये शंकरमामंजींची पावले वाजली, की यमूविषयी हाच प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. दोन्ही कादंबऱ्यांची जात निराळी, एकीची परिणती जयात तर दुसरीची यमूच्या वपनासारख्या भीषण प्रसंगात; पण घरातील सत्ता कोणाच्या हाती, या एकाच कण्याभोवती दोन्ही उभ्या आहेत.

आता ‘बनात-उन्-नअश’कडे वळावे. हे पुस्तक १८७२ च्या सुमाराचे. या नावातील ‘नअश’ मराठी कानाला ‘नाश’ असा ऐकू येतो, पण त्याचा अर्थ तिरडी. तिरडीमागून चालणाऱ्या मुली हे अरबी परंपरेत एका तारकासमूहाचे नाव आहे; आपण त्यालाच सप्तर्षी म्हणतो. असगरीच्या शाळेतील मुली म्हणजे हे तारे, ही कल्पना सुंदर आहे. मात्र ही शाळा नवीन नव्हे. ‘मिरात’च्या उत्तरार्धात असगरीने घरीच मुलींना शिकवावयास प्रारंभ केला होता, हुस्नआरा ही श्रीमंत घरची मुलगी तिच्याकडे आली होती, नणंद महमूदा हाताशी आली होती आणि पुढे हुस्नआराच्या भावाशी तिचे लग्नही झाले होते. दुसरी कादंबरी पहिलीच्या शेवटानंतर सुरू होत नाही. ती पहिलीच्या पोटातील एक प्रकरण उघडते आणि त्याचा ग्रंथ करते.

वाचकाच्या निराशेचे एक साधे कारण येथेच आहे. ज्यांचे पुढे काय झाले ते ठाऊक आहे, अशा माणसांकडे वाचकाला परत नेले जाते. तथापि तेवढ्याने कथा मरत नाही. रामाचे काय होणार हे ठाऊक असूनही रामायण ऐकले जाते. खरे नुकसान घर सोडल्याने झाले. शाळेत असगरीला विरोधक नाही. मामा अझमत केव्हाच निघून गेली, सासू निवळली, अकबरीला काही काम उरले नाही. हुस्नआरा आरंभी उद्धट आणि आळशी आहे खरी. पण तिचा उद्धटपणा पाघळावा एवढ्यासाठीच तो ठेवला आहे, हे दुसऱ्या-तिसऱ्या संवादातच समजते. मग पृथ्वीचा गोल आकार, गुरुत्वाकर्षण, देशोदेशींचे वर्तमान, श्रीमंताने गरिबाच्या श्रमावर जगणे, असे विषय एकामागून एक येतात. मुलगी शंका विचारते, उत्तर मिळते, शंका फिटते. उत्तर चुकीचे ठरण्याची, निदान ते न पटण्याची भीती कोठेही नाही. पहिल्या पुस्तकात असगरीला एक वाक्य बोलण्याआधी दहादा विचार करावा लागत होता; येथे तिला अडवणारे कोणीच नाही.

या रचनेचा आराखडा टॉमस डे या इंग्रज लेखकाच्या ‘सँडफर्ड अँड मर्टन’ या अठराव्या शतकाच्या अखेरच्या बालपुस्तकाशी जुळतो, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. लाडावलेले श्रीमंत मूल, शहाणा शिक्षक आणि प्रसंगोपात्त पाठ, ही त्याची चौकट. उसनवारीवर मात्र सारे खापर फोडणे योग्य नाही. नझीर अहमद यांची तिसरी कादंबरी ‘तौबत-उन्-नसूह’ (१८७४) हीदेखील डॅनियल डीफोच्या ‘द फॅमिली इन्स्ट्रक्टर’ या ग्रंथाचे ऋण घेऊन उभी आहे, आणि ती त्यांच्या सर्वांत जिवंत कृतींपैकी एक आहे.

लेखकाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. त्याच्या मनातील मालिका व्यक्तींची नव्हती, विषयांची होती: पहिल्या पुस्तकात गृहव्यवस्था, दुसऱ्यात सामान्य ज्ञान, तिसऱ्यात धर्माचरण. या हिशेबाने ‘बनात’ आपल्या जागी नेमकी बसते. १८७० च्या दशकात पडद्यातील मुलींच्या तोंडी गुरुत्वाकर्षणाची चर्चा घालणे हे धाडस होते, आणि स्त्रीशिक्षणाच्या इतिहासकाराला हे पुस्तक टाळता येणार नाही. पण वाचकाने मनात धरलेली मालिका वेगळी होती. त्याला अभ्यासक्रमाचा दुसरा भाग नको होता. त्या घरात पुढे काय झाले, हे हवे होते. सरकारी पारितोषिकही या पुस्तकाला पहिल्यापेक्षा लहान मिळाले. उपयुक्ततेसाठीच बक्षिसे देणाऱ्या परीक्षकांनीदेखील अधिक उपयुक्त पुस्तकाला कमी लेखावे, यातला विनोद नझीर अहमद यांच्या लक्षात आला असेल तर नवल नाही.

‘तौबत-उन्-नसूह’मध्ये असगरी नाही, तिचे सासर नाही, एकही ओळखीचा माणूस नाही, तरीही ‘मिरात’चा खरा पुढचा भाग तोच म्हणावा लागतो. दिल्लीत पटकीची साथ आली आहे. नसूह आजारी पडतो, ग्लानीत परलोकातील न्यायासन पाहतो आणि बरा झाल्यावर घरातील सर्वांना धर्ममार्गावर आणण्याचा निश्चय करतो. पत्नी फहमीदा आणि धाकटी मुले वळतात. थोरला मुलगा कलीम वळत नाही. कलीम कवी आहे, रसिक आहे, आपल्या दालनांना त्याने ‘इशरत-मंजिल’ आणि ‘खिल्वतखाना’ अशी नावे दिली आहेत. बाप त्याची पुस्तके जाळतो. लेखक संपूर्णपणे बापाच्या बाजूचा आहे, शेवटी कलीमला तो मृत्यूच्या दारी नेतो. पण ज्याला पराभूत करावयाचे, त्याला त्याने बोलू दिले आहे. घर सोडून निघालेला कलीम मिर्झा झाहिरदार बेग या बढाईखोर मित्राकडे जातो. ज्याच्या हवेलीच्या गप्पा ऐकल्या, तो मित्र त्याला एका ओसाड मशिदीत उतरवितो आणि भाजलेल्या चण्यांची रसभरीत स्तुती करीत तेच त्याच्यापुढे ठेवतो. हा प्रसंग उर्दू वाचकांच्या पिढ्यांनी तोंडपाठ केला आहे. बोधाची धार या कादंबरीत सर्वांत तीक्ष्ण, आणि तरी ती रुक्ष नाही; कारण येथे बोधाला घरातलाच माणूस नाकारतो आहे.

हरिभाऊंनी या पेचातून आपली वाट निराळ्या रीतीने काढली. त्यांच्या सामाजिक कादंबऱ्या ‘आजकालच्या गोष्टी’ या एका नावाखाली येतात. वाचकाला हे छत्र ओळखीचे. पण छत्राखालचे बिऱ्हाड नवे. ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ या त्यांच्या पुढील कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या आणि त्यांना यमूच्या कहाणीचे स्थान मिळाले नाही हे खरे. परंतु यमूला शाळेत नेऊन बसविल्याचा आरोप कोणी त्यांच्यावर करू शकत नाही. उलट बाजूचे उदाहरण दिल्लीतच आहे. नझीर अहमद यांच्या नात्यातील राशिद-उल्-खैरी यांनी नसीमा या नायिकेचे आयुष्य ‘सुबह-ए-जिंदगी’ आणि ‘शाम-ए-जिंदगी’ अशा पुस्तकांतून क्रमाने सांगितले, आणि या मालिकेत नंतरच्या ‘शाम’ने पहिलीवर मात केली. खैरींची करुणा कित्येकदा अश्रूंच्या पुरात वाहून जाते. तरी एवढे मान्य केले पाहिजे, की नायिकेला त्यांनी सुरक्षित जागी नेऊन ठेवले नाही.

नझीर अहमद पुढे हैदराबाद संस्थानात गेले, तेथून परतून दिल्लीस स्थिरावले आणि १९१२ मध्ये तेथेच वारले. ‘फसाना-ए-मुब्तला’त (१८८५) दोन बायकांच्या घराची कहाणी त्यांनी सांगितली, तेथेही घर पुन्हा पेटलेले आहे. असगरीकडे मात्र ते परत गेले नाहीत. तिच्याकडे परत गेली ती एक वाचक. पाटण्याच्या रशीद-उन्-निसा यांनी ‘मिरात-उल्-उरूस’पासून स्फूर्ती घेऊन १८८१ मध्ये ‘इस्लाह-उन्-निसा’ ही कादंबरी लिहिली. ती छापली जाण्यास १८९४ साल उजाडले. उर्दूतील स्त्रीने लिहिलेली ही पहिली कादंबरी मानली जाते. तिच्यात सासर-माहेरची भांडणे आहेत, लग्नातील खर्चिक चालीरीती आहेत, अंगणातल्या बायकांची बोली आहे. पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न पुढे नेण्यापेक्षा या लेखिकेला अकबरीचे घर पुढे नेणे अधिक निकडीचे वाटले. पाकिस्तानी दूरचित्रवाणीने २०११ आणि २०१२ या लागोपाठच्या दोन वर्षांत ही कथा नव्या काळात आणली, तेव्हा एका मालिकेचे नाव ‘अकबरी असगरी’ होते आणि दुसरीचे ‘मिरात-उल्-उरूस’.