हानिकारक वर्तन, प्रारंभिक उपचार आणि मुलाची बोली

मुलाने सवंगड्यास मारले, वस्तू फोडली, गल्ल्यातले पैसे उचलले किंवा स्वतःच्याच हातावर पात्याने ओरखडे काढले, की त्याला नाव देण्याची मोठ्यांना घाई होते. ‘उनाड’, ‘मवाली’, ‘वाया गेलेला’ ही नावे वस्तुतः कृत्याची नसून मुलाची असतात. आणि नाव मुलाला चिकटले की उपचाराचा प्रश्न मागे पडून शिक्षेचा पुढे येतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने कलम ३ मध्ये मुलांसंबंधीच्या कार्यवाहीत दोषारोपसूचक शब्द वर्ज्य ठरविले, ते याच कारणाने. ‘बालगुन्हेगार’ या शब्दाच्या जागी आलेली ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा उच्चारास अवघड असली तरी हेतूने योग्य आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १८ अन्वये बाल न्याय मंडळास मुलाला उपचारकेंद्रात जाण्याचा आदेशही देता येतो. तथापि मंडळापुढे येईपर्यंत पुष्कळ काळ लोटलेला असतो.

हा काळ महत्त्वाचा का, याचे विवेचन टेरी मॉफिट यांनी १९९३ साली केले. पौगंडावस्थेत उद्भवणारे बंडखोर वर्तन बहुधा वयाबरोबर ओसरते. बालपणीच सुरू झालेले मात्र टिकून राहण्याचा संभव अधिक असतो. जेरल्ड पॅटरसन यांनी त्यामागील घरगुती यंत्रणा उलगडून दाखविली. मूल किंचाळते, आई कंटाळून हट्ट पुरविते, मूल शांत होते. किंचाळल्याने हवे ते मिळते हे मूल शिकते, आणि नमल्याने शांतता मिळते हे आई शिकते. म्हणून लहान वयातील उपचार पुष्कळसा पालकांच्या शिक्षणाचा असतो. वर्तनापूर्वी काय घडले, नेमके काय झाले आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले, हे तीन प्रश्न त्याच्या मुळाशी असतात.

हे प्रश्न कोणत्या भाषेत विचारावयाचे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. नागपूरच्या गांधीबागेचे उदाहरण घ्यावे. घाऊक कापडबाजाराच्या या वस्तीत व्यवहाराची हिंदी, घरची नागपुरी आणि शाळेची प्रमाण मराठी एकाच मुलाच्या कानी पडते. ‘तो मले मारून राहिला होता’ असे मूल सांगते, तेव्हा ‘तो मला मारत होता’ एवढाच त्याचा अर्थ असतो. चालू क्रिया दर्शविण्याची नागपुरीची ही रीत हिंदीच्या ‘मार रहा था’शी मिळतीजुळती आहे. पुण्याकडील कानाला तीत ‘मारतच राहिला’ असा सातत्याचा भास होण्याचा संभव आहे. टिपणात तसेच उतरले, तर एका प्रसंगाची सवय होते. बरोबरीच्यांतील ‘बे’ या संबोधनाचेही तेच. मित्राला सहजपणे म्हटलेला तो शब्द अपरिचित श्रोत्याला उर्मटपणाचा पुरावा वाटतो.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. भाषाविकास मागे पडलेल्या मुलांत वर्तनाच्या अडचणी अधिक आढळतात, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. सूचनेतील दोन गोष्टींपैकी एकच ज्याला उमगते, तो शिक्षकांच्या लेखी अवज्ञा करतो. भांडणाचा क्रम ज्याला सांगता येत नाही, तो खोटारडा ठरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत २०१३ पासून भाषाविकासातील विलंबाचा समावेश आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु केवळ प्रमाण मराठीच्या शब्दांनी घेतलेली चाचणी नागपुरी बोलणाऱ्या निकोप मुलालाही मागासलेले ठरवील. उलट, ‘हा बाजारातली मिश्र भाषा बोलतो’ एवढे म्हणून खरा विलंब नजरेआड करणेही तितकेच सोपे. घरच्या बोलीतही मूल गोंधळते काय, हे आईला विचारल्यावाचून या दोहोंतील भेद कळत नाही. याकरिता टिपणात मुलाचे व आईचे वाक्य प्रथम जसेच्या तसे, बोलीतच लिहावे; त्याचा अर्थ शेजारच्या रकान्यात, तोही त्यांना वाचून दाखविल्यानंतर.