‘माहीत’ आणि ‘वाटतं’ यांच्यामधली इंग्रजी

‘तो कुठे राहतो ते मला माहीत आहे’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. आता ‘माहीत आहे’ काढून तिथे ‘वाटतं’ ठेवून पाहा: ‘तो कुठे राहतो ते मला वाटतं.’ जीभ अडखळते. इंग्रजी बोलणाऱ्याची जीभही नेमकी इथेच अडखळते. ‘आय नो व्हेअर ही लिव्ह्ज’ चालतं, ‘आय थिंक व्हेअर ही लिव्ह्ज’ चालत नाही. साधं विधान जोडायचं असेल, म्हणजे ‘तो पुण्याला राहतो’ एवढंच, तर दोन्ही क्रियापदं ‘दॅट’ लावून ते निमूटपणे घेतात. अडचण फक्त व्हेअर, व्हॉट, हू, व्हाय अशा प्रश्नशब्दाने सुरू होणाऱ्या नामवाक्याची. कोणतं क्रियापद असं वाक्य पोटात घेतं आणि कोणतं घेत नाही, हे आपल्याकडे बहुधा पाठांतरावर सोडलेलं असतं. या पाठांतरातला मोठा भाग अनावश्यक आहे. ही निवड मुख्यतः क्रियापदाच्या अर्थावरून होते आणि तो अर्थ मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच असतो. त्याची इंग्रजी घसरते ती वेगळ्याच ठिकाणी.

अशा पाठ करायच्या क्रियापदांच्या याद्यांचाही इतिहास आहे, आणि तो क्षुल्लक नाही. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक 1924 मध्ये जपानला शिकवायला गेले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्याला शब्दाचा नुसता अर्थ पुरत नाही, त्या शब्दापुढे कशी रचना येते हेही सांगावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. 1942 मध्ये टोकियोत निघालेल्या त्यांच्या कोशात क्रियापदांचे पंचवीस साचे होते. तोच कोश 1948 मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा छापला आणि आज भारतातल्या अनेक घरांत दिसणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्याचाच वंशज. पण साचा सांगणं वेगळं आणि तो साचा का, हे सांगणं वेगळं. ते काम पुढे बर्मिंगहॅमच्या कोबिल्ड या कोशप्रकल्पातून झालं. 1996 मध्ये गिल फ्रान्सिस, सुझन हन्स्टन आणि एलिझाबेथ मॅनिंग यांनी प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या प्रचंड साठ्यावरून दाखवून दिलं की एकाच साच्यात बसणारी क्रियापदं अर्थानेही एकमेकांची नातलग असतात. प्रश्नशब्दाचं वाक्य घेणारी क्रियापदं विचारण्याची, विचारात पडण्याची, शोधून काढण्याची, दाखवून देण्याची किंवा ठरवण्याची निघतात. ‘कुठे’ ही एक रिकामी जागा आहे असं समजा. ‘आस्क’ आणि ‘वंडर’ ती जागा रिकामीच ठेवतात, ‘डिस्कव्हर’ आणि ‘नो’ म्हणणाऱ्याकडे ती भरलेली असते, ‘टेल’ आणि ‘शो’ ती दुसऱ्यासाठी भरतात. ‘थिंक’ आणि ‘बिलीव्ह’ यांचं काम निराळं. ती एका पूर्ण विधानाच्या मागे उभी राहतात, आणि रिकाम्या जागेच्या मागे उभं तरी कसं राहणार? माहिती असणं आणि मत असणं यांतल्या याच फरकाकडे झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने 1972 च्या आपल्या पुस्तकात व्याकरणाच्या अंगाने बोट ठेवलं होतं.

मराठीने तर या फरकाला वाक्य जोडणारे दोन स्वतंत्र शब्दच दिले आहेत, ‘ते’ आणि ‘असं’. ‘तो कुठे गेला ते तुला माहीत आहे?’ याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘तो कुठे गेला असं तुला वाटतं?’ याचं उत्तर ‘हो’ देणारा माणूस थट्टाच करतो आहे. इथे ‘नाशिकला’ असं काहीतरी सांगावं लागतं. ‘ते’ प्रश्नाला आतच बांधून ठेवतं, ‘असं’ त्याला बाहेर येऊ देतं. इंग्रजीत हाच भेद शब्दांच्या जागेवरून दिसतो. पहिल्या वाक्याचं रूप ‘डू यू नो व्हेअर ही वेन्ट’, दुसऱ्याचं ‘व्हेअर डू यू थिंक ही वेन्ट’. ‘व्हेअर’ उडी मारून थेट वाक्याच्या तोंडाशी गेलं, कारण ‘थिंक’च्या पोटात त्याला थारा नाही. ‘असं’ आणि ‘ते’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला इंग्रजीतला हा नियम नव्याने शिकायचा नाही, ओळखायचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ‘आय वॉज थिंकिंग व्हॉट टू डू’ हे चांगलं इंग्रजी आहे, मग ‘थिंक’ प्रश्नवाक्य घेत नाही हे कसं? इथे मराठीच साक्षीला येते. इंग्रजीचं ‘थिंक’ दोन कामं करतं, आपण त्यांना दोन शब्द दिले: ‘वाटणं’ आणि ‘विचार करणं’. ‘काय करावं याचा विचार करतोय’ हे अस्सल मराठी आहे. विचारात पडलेल्या माणसापुढे जागा रिकामीच असते, म्हणून प्रश्न तिथे शोभतो. दुसरा आक्षेप ‘बिलीव्ह’चा. ‘यू वोन्ट बिलीव्ह हू आय मेट’ रोज ऐकू येतं. खरं आहे, पण त्यातला ‘वोन्ट’ काढून पाहा, वाक्य कोसळतं. इथे मत मांडलेलं नाही. उत्तर कानावर पडल्यावर समोरचा थक्क होईल, एवढंच सांगितलेलं आहे. ‘मला कोण भेटलं, विश्वास नाही बसणार’ असं आपणही म्हणतोच. ‘डाउट’ तर अर्धंच दार उघडतं. तो येईल की नाही याची शंका घेता येते, तो कुठे येईल याची नाही, आणि हे दोन्ही भाषांत सारखं. नवल वाटण्याची तऱ्हा बरोबर उलटी: किती लोक आले याचं नवल वाटतं, लोक आले की नाही याचं वाटत नाही, नवल वाटायला उत्तर आधी हाती असावं लागतं. ‘रिग्रेट’ मात्र माझ्या मांडणीला थोडं नडतं. खेद वाटायलाही घटना ठाऊक असावी लागते, तरी ‘कोण आलं याचा खेद वाटतो’ हे दोन्ही भाषांत विचित्रच लागतं. अर्थाच्या किल्लीने प्रत्येक कुलूप उघडतं असा दावा मी करत नाही.

काही गोष्टी निव्वळ रूढीच्या असतात आणि त्या पाठच कराव्या लागतात. ‘आस्क द टाइम’ म्हणता येतं, ‘वंडर द टाइम’ नाही, जरी ‘किती वाजले’ हा प्रश्न दोघांच्याही पोटात मावतो. भाषाशास्त्रज्ञ जेन ग्रिमशॉ यांनी 1979 मध्ये अशाच उदाहरणांवरून सांगितलं की क्रियापदाची अर्थाची अट आणि रूपाची अट या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ‘टेल’ला ऐकणारा लागतोच, म्हणून ‘ही टोल्ड मी व्हेअर’. ‘एक्सप्लेन’ला त्याच ऐकणाऱ्याआधी ‘टू’ लागतं. मराठीत ‘सांगितलं’ आणि ‘समजावलं’ दोन्ही ‘मला’वर भागतात, त्यामुळे ‘एक्सप्लेन मी व्हाय’ तोंडून निसटतं. ‘व्हाय टू वरी’ही तसंच. ‘काय करावं’, ‘कुठे जावं’, ‘का जावं’ हे आपल्याला एकाच माळेचे मणी वाटतात. इंग्रजीत ‘व्हॉट टू’ आणि ‘व्हेअर टू’ बसतात, ‘व्हाय टू’ क्वचितच. आणि ‘वंडर’ म्हणजे ‘आश्चर्य वाटणं’ हा पाठ केलेला अर्थ प्रश्नवाक्यापुढे पार फसतो. ‘आय वंडर व्हेअर ही इज’चं मराठी ‘कुठे असेल कोण जाणे’.

राहिली ती खरी घसरगुंडी, शब्दक्रमाची. ‘तो कुठे आहे?’ हा प्रश्न मोठ्या वाक्यात घातला तरी मराठीत ‘तो कुठे आहे ते’ असाच राहतो. इंग्रजी मात्र ‘व्हेअर इज ही’ला आत घेताना ‘व्हेअर ही इज’ करते. आपण प्रश्न जसाच्या तसा उचलून ठेवतो आणि ‘डू यू नो व्हेअर इज ही’ तयार होतं. ‘व्हॉट डू यू थिंक, व्हेअर इज ही’ हेही ‘तुला काय वाटतं, तो कुठे असेल?’चंच सावत्र भावंड. असे दोन प्रश्न शेजारी ठेवण्याची चाल जर्मनमध्येही आहे, त्यामुळे त्यात लाजण्यासारखं काही नाही. आयर्लंडमध्येही लोक असंच उलटं बोलतात, मग आपलंच का चुकतं, असं कुणी विचारेल. तिथल्या डेरी शहराचे भाषाशास्त्रज्ञ जेम्स मॅक्क्लॉस्की यांनी आपल्याच गावच्या बोलीचा अभ्यास करून याची मेख दाखवली. तिथे ‘आस्क’ आणि ‘वंडर’च्या पोटात उलटा क्रम राहतो, कारण प्रश्न अजून जिवंत असतो, ‘डिस्कव्हर’च्या पोटात तो डेरीकरालाही खटकतो, कारण उत्तर सापडलेलं असतं. आपल्याकडे मात्र ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ म्हणणारा माणूस, पत्ता हाती आल्यावर, त्याच सुरात ‘आय नो व्हेअर इज ही’ म्हणतो.