करजणची डबल बेल

घरात मराठी-कानडी, आणि नोकरी लागली गुजरातेत! बडोद्याला मामांकडे राहून जड वाहनाचा परवाना काढला. त्याआधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हातात असावा लागतो, हे आपल्याकडच्या मुलांना ठाऊक नसते. एस.टी.त रुजू झालो तेव्हा निपाणीहून आज्जींनी फोनवर एवढेच सांगितले, "निधान होगप्पा."

पहिली फेरी बडोदा-करजण. हमरस्त्यावर ट्रकची रांग, आणि गुजराती पाट्यांना शिरोरेषा नाही. अक्षर ओळखीचे वाटते अन् ऐनवेळी दगा देते. कंडक्टरभाई गप्पिष्ट. या मियागाव-करजणहून डभोईपर्यंत १८६२ साली गायकवाडांची छोटी रेल्वे सुरू झाली आणि आरंभी ती बैल ओढत, हे मला त्यांच्याकडून कळले.

करजणला उशीर झाला होता. एका बेलला थांबायचे, दोनला निघायचे, हा साधा नियम. मी दुसऱ्या बेलची वाट न पाहता क्लच सोडला. मागून ओरडा झाला. एका म्हातारीचा एक पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर! ब्रेक लागला, ती सावरली. आत येऊन म्हणाली, "धीमे, भाई."

तेव्हापासून आरशात पायरी पाहिल्याशिवाय गाडी हलवत नाही. आज्जींना हे अजून सांगितलेले नाही.