जुन्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक आणि टिपिंग ट्रॉली

अजिंठा म्हटले की जगाला लेणी आठवतात. सिल्लोड तालुक्यातील या गावाच्या शिवारात मात्र मका आणि कापूस पिकतो, आणि जुने ट्रॅक्टर अद्याप कामावर आहेत. शेणखत असो वा मुरूम, तो वाहून नेण्यास टिपिंग ट्रॉली सोयीची. ट्रॉलीचा हौद उचलण्याचे बळ इंजिनाचे असले तरी ते पोहोचविते तेल. आणि त्या तेलाची वाट न समजता दांडा ओढणे धोक्याचे आहे.

हॅरी फर्ग्युसन यांच्या त्रिबिंदू जोडणीचा ट्रॅक्टर १९३६ साली बाजारात आला. ही रचना मुळात नांगर उचलण्यासाठी होती. ट्रॉलीच्या जॅककडे तेल नेण्याची सोय ही तिला दिलेली जोड होय. म्हणून पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत पंप एकच आणि दांडाही एकच असतो. तेल कमी विरोधाच्या वाटेने जाते. वाट बदलणारी झडप फिरविली नाही, तर मागील रिकामे बाहू वर जातात आणि भरलेली ट्रॉली जागची हालत नाही. चालक मग इंजिनाचा वेग वाढवितो. दोष वेगाचा नसतोच! फर्ग्युसन पद्धतीच्या काही ट्रॅक्टरांत पंप पीटीओवर चालतो. तेथे क्लच पूर्ण दाबला की उचलही थांबते.

यासाठी प्रथम औजार जमिनीवर टेकवावे, नंतर झडप फिरवावी व दांडा सावकाश ओढावा. हौद पूर्ण उचलला गेल्यावर दांडा मधल्या स्थितीत आणावा. अन्यथा जादा दाब सोडणारी झडप उघडून तेल तापते. जमीन सपाट असावी आणि वर विजेच्या तारा नाहीत हे आधी पाहावे.

सर्वांत मोठा धोका उचललेल्या हौदाखाली असतो. झिजलेल्या वॉशरमधून तेल झिरपते व हौद खाली येतो. नळी फुटली तर तो क्षणात कोसळतो. त्यामुळे भक्कम लोखंडी टेकू लावल्यावाचून कोणीही खाली जाऊ नये, निदान ग्रीस भरण्यासाठी तरी नव्हेच. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीत शिरू शकते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला, रुग्णालय गाठावे आणि तेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.