किल्लारीचा हादरा आणि क्युबाचे तेरा दिवस

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लातूर जिल्ह्यातली गावं झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरातली जमीन हलली आणि माळवदाच्या घरांच्या जाडजूड दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार जीव गेले.

असे हादरे टिपणारी यंत्रं जगभर वाढली, त्यामागे एक वेगळंच भय होतं, अणुयुद्धाचं. कर्नाटकात गौरीबिदनूरला १९६५ च्या सुमारास उभं राहिलेलं भूकंपमापन केंद्र तर भूमिगत अणुस्फोट ओळखण्यासाठीच होतं. भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात. स्फोटात जमीन चहूबाजूंनी बाहेर ढकलली जाते. नोंदीतल्या रेषा पाहून जाणकार हा फरक सांगू शकतात. ही गरज ज्या भयातून आली, ते ऑक्टोबर १९६२ मध्ये शिगेला पोचलं होतं.

१४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ विमानाने क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रतळांची छायाचित्रं घेतली. १६ तारखेला ती राष्ट्राध्यक्ष केनेडींसमोर आली. सेनाधिकारी हवाई हल्ल्याच्या बाजूने होते. केनेडींनी नाकेबंदी केली, पण ती युद्धाची कृती ठरू नये म्हणून तिला ‘विलगीकरण’ म्हटलं. एका शब्दाने विचाराला थोडा वेळ मिळाला.

त्याच आठवड्यात, २० ऑक्टोबरला, चीनने हिमालयात भारतावर हल्ला केला. पुढे २० नोव्हेंबरला क्युबाची नाकेबंदी उठली आणि दुसऱ्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणखातं हाती घेतलं.

क्युबाच्या संकटातला सर्वांत घातक दिवस २७ ऑक्टोबर. क्युबावर यू-२ पाडलं गेलं, वैमानिक मेजर अँडरसन ठार झाले. त्याच दिवशी अमेरिकी युद्धनौकांनी घेरलेल्या बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीत अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. तो डागायला नौदल अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी विरोध केला, असं पाणबुडीवरच्या सहकाऱ्याने पुढे सांगितलं. मॉस्कोला किंवा वॉशिंग्टनला त्या क्षणी याचा पत्ताही नव्हता.

विष्णुपुरी धरणाचा साठा भरला की दरवाजे उघडावेच लागतात, हे नांदेडकरांना सांगायला नको. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनाही तसा दरवाजा हवा होता. २७ तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले: क्युबातून क्षेपणास्त्रं काढा, आम्ही क्युबावर चालून जाणार नाही, तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रंही काही महिन्यांत निघतील, पण ही गोष्ट गुप्त ठेवा. २८ तारखेला मॉस्को रेडिओने माघार जाहीर केली. हे संकट टळलं ते धाकापेक्षा या देवाणघेवाणीने, असं माझं ठाम मत आहे.

दोब्रिनिन यांनी नंतर सांगितलेली एक आठवण अंगावर काटा आणते. त्यांच्या सांकेतिक तारा न्यायला तारकंपनीचा मुलगा सायकलवर येई, आणि तो वाटेत कुठे रेंगाळू नये एवढीच प्रार्थना त्यांच्या हाती उरे. जगाचं भवितव्य त्या सायकलच्या कॅरिअरवर होतं! १९६३ च्या जूनमध्ये दोन्ही राजधान्यांत थेट टेलिप्रिंटर जोडणीचा करार झाला. ऑगस्टमध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारावर सह्या झाल्या. भूमिगत चाचण्या मात्र सुटल्या, कारण भूकंप कोणता आणि स्फोट कोणता, याच्या तपासणीवर एकमत होईना.

आपल्या उपखंडातही असा एक धागा टिकून आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ ला केला. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीतही ती दिली गेली, बालाकोटनंतरच्या जानेवारीतही.