शैलीची मोजदाद आणि दोन ज्ञानदेव

लेखकाची ओळख त्याच्या भारदस्त शब्दांवरून पटते, हा समज जुना आहे आणि बव्हंशी चुकीचाही. भारदस्त शब्द कोणालाही उसने घेता येतात. ‘पण’ लिहावे की ‘परंतु’, याची निवड मात्र लेखणी धन्याला न विचारताच करून टाकते.

अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने पंच्याऐंशी लेख लिहिले गेले. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांचे ते काम. त्यांपैकी बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालला. दोघांची मते आणि धाटणी इतकी सारखी, की विचारांवरून निवाडा होईना. अखेर मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी विचार बाजूला ठेवून किरकोळ शब्दच मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांमागे सुमारे तीनदा वापरतो. मॅडिसन पाच हजारांत जेमतेम एकदा. अशा अनेक शब्दांच्या हिशेबातून १९६४ मध्ये ते बाराही लेख मॅडिसनच्या पदरात पडले.

आपल्याकडे असा वाद त्याआधीच पेटला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’ पत्रातून ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव निराळे असल्याचे प्रतिपादन केले. (तेही ‘भारद्वाज’ या टोपणनावाने!) ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची अर्वाचीन, हा त्यांचा एक प्रमुख आधार होता.

मग संगणकाला हा निवाडा का सोपवू नये? अडचण यंत्राची नाही, संहितेची आहे. पब्लियसचे लेख छापील होते. अभंग शतकानुशतके वारकऱ्यांच्या कंठी राहिले. गाताना आशय टिकतो, प्रतिमा टिकतात. झिजतात ते प्रत्यय आणि अव्यये, म्हणजे नेमके तेच, ज्यांच्यावर या मोजणीची सारी भिस्त. ‘म्हणौनि’चे ‘म्हणोनि’ कवीने केले की कीर्तनकाराने, हे आकडा सांगणार कसा? शके १२१२ ची ज्ञानेश्वरीदेखील एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, ती पाठभेद शिरले म्हणूनच. तेव्हा मोजणीआधी जुन्या हस्तलिखितांच्या ताडणीचे काम आहे. ते कष्टाचे आणि खर्चाचे असून त्यास वर्षे लागतात. संगणक विकत घेणे त्यामानाने फारच स्वस्त पडते.